ड्रायव्हरच्या बाजूचं दार

भूत, देवचार, अंगात येणं... मला यातलं काही कधी पटलेलं नाही, आणि हे लिहून झाल्यावर पटेल असंही नाही. आमच्या वाडीतली माणसं ज्या वडाखालून मान खाली घालून जातात, तिथे मी लाकडांचा भारा टेकवून घाम पुसत बसत असे. मला तिथे डास सोडून काही चावलं नाही. माझं वय बहात्तर, शाळा चौथीपर्यंत. सून वैशाली या सदरातले अनुभव रोज मोबाइलवर वाचते आणि मग काळोख पडल्यावर एकटी विहिरीवर जात नाही. मी तिला हसायचे. आता तिनेच वही माझ्यापुढे टाकली — "आई, तुमचा लिवा." मी लिहिलं, तिने टाइप केलं. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं.

एक आधीच सांगते. वाचून झाल्यावर "किती हे प्रेम, मेल्यानंतरसुद्धा" असं कोणी लिहिणार असेल, तर त्याने इथेच थांबावं. यात प्रेम नाही. यात थुंकी आहे.

मालवणहून कसालला जाताना कट्टा गावाच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या खालच्या अंगाला आमचं घर आहे. पुढे खळं म्हणजे अंगण, खळ्यात गाडी, गाडीमागे माड. घरात माणसं तीन — मी, मुलगा नंदू आणि सून. माझ्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ओरोसला जाऊन चार तास डायलिसिसच्या मशीनला लागायचं. हळहळू नका, हे फक्त कळावं म्हणून सांगते. एक वार चुकला की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात. आणखी दिवस गेले की आडवं पडता येत नाही, बसून श्वास ओढावा लागतो. त्याच्या पुढे काय होतं ते डॉक्टरांनी मला एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायची गरज पडली नाही. तेव्हा मंगळवारी-शुक्रवारी सकाळी साडेसहाला आमच्या खळ्यातली गाडी चालू होणं, यावर माझा जीव आहे.

गाडी पांढरी, सात सीटची, जुनी घेतलेली. नंदू तिच्यातून कुडाळ स्टेशनवरून टुरिस्ट उचलतो आणि तारकर्लीला सोडतो. दिवाळीनंतर तो म्हापशाला गेला आणि गाडीत साउंड सिस्टीम बसवून आला. सीटखाली अँप्लिफायर, आणि डिकीत काळ्या कापडाने मढवलेला लाकडी खोका, कपड्यांच्या ट्रंकेएवढा. त्याच्या तोंडाला परातीएवढा स्पीकर.

"आणि माझी उशी खंय गेली?" मी विचारलं. मशीनवरून येताना मी मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी होते.

"खोक्यार ठेवलंय गो."

"ह्या मढ्याचा काय काम होता?"

"टुरिस्टांका गाणी लागतत, आये. गाणी नाय तर स्टार देणत नाय."

मशीनवरून सुटलेलं माणूस पिळलेल्या फडक्यासारखं असतं. त्या फडक्याच्या पाठीमागे हा खोका धप्... धप्... धप्. आवाज कानात जात नाही, थेट पोटात जातो आणि तिथलं सगळं ढवळून काढतो. मला दोनदा कसालच्या पुढे गाडी थांबवून ओकारी झाली. नंदू म्हणाला, मशीनमुळे होतं. आणि प्रत्येक धपला पुढचे दिवे मिणमिणायचे. त्याचंही त्याला कौतुक!

"बघ गो आये, लायटी नाचतत!"

"नाचणत नाय, मरतत. बॅटरीची वाट लागतली."

"तुका काय कळता?"

मला काय कळतं ते सांगते. मी एकतीस वर्षं ट्रक ड्रायव्हरची बायको होते.

आता त्याच्याबद्दल लिहावं लागेल, टळत नाही. माझा नवरा जांभ्या दगडाचे चिरे भरून इन्सुलीच्या नाक्यावरून गोव्यात न्यायचा. गालात तंबाखू चोवीस तास. सकाळी सहाला ट्रकमध्ये चढायचा, काच खाली करायचा आणि तीनदा खाकरायचा — पहिला लहान, दुसरा मोठा, आणि तिसरा असा लांब की ऐकणाऱ्याचं आतडं वर यावं. मग थुंकायचा. अर्धं जमिनीवर, अर्धं दारावर. आणि स्टीअरिंगवर हात ठेवून पुढे बघत बसून राहायचा. मी तांब्या घेऊन जायचं, दार धुवायचं, मगच तो सेल्फ मारणार. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला ते दारावरचं बघवेना म्हणून मी एकदा आपण होऊन धुतलं. नेमकं त्याच दिवशी त्याला लांबचं भाडं लागलं. झालं! शकुन ठरला. "दार धुतल्याबिगर गाडी हलाची नाय." ती चूक माझी. एकदा धुतलं आणि एकतीस वर्षं धूत राहिले. नंदूच्या वेळी बाराव्या दिवशी ओल्या अंगाने जाऊन धुतलंय. तपकिरी, कोमट, तार धरणारं. पाणी टाकलं की आधी पसरतं, मग जातं.

शेवटी घशाचाच आजार झाला. दोन वर्षं खाटेवर. दूध पावडरच्या डब्यात चुलीतली राख घालून उशाशी ठेवायची, त्यात तो थुंकायचा, तो डबा मी रिकामा करायचे. अकरा वर्षांपूर्वी मेला. लोक रडले. मी डबा माडाच्या मुळात पुरला, वर चिरा ठेवला आणि कोपरापर्यंत साबण लावून तीनदा हात धुतले. त्यानंतर मी कोणाची थुंकी पुसलेली नाही. माझ्या आयुष्यातली चांगली अकरा वर्षं ती.

तर, गाडी. खोका बसवून महिना होतो न होतो तोच एका मंगळवारी सेल्फ मारल्यावर नुसतं "खट्". नंदूने कट्ट्याहून पास्कूला बोलावलं. पास्कू गाड्यांची वायरिंग करतो, साठीचा आहे, ख्रिश्चन आहे, तोंडाने फटकळ. आमचं जमतं. त्याने बॉनेट उघडलं आणि वाकून बघतच राहिला.

"काकी, हेच्यार नारळ कोणी फोडलो?"

"दसऱ्याक पूजा केली. पाणी मी ओतलंय."

"बॅटरीर?"

"मगे खंय? गाडीचो जीव थंयच आसा म्हणान नंदूनच सांगल्यान."

"घेतलात तो जीव!"

त्याने दाखवलं. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला एक जाड पट्टी जाते, तिला अर्थ म्हणतात. तिच्या बोल्टावर पांढरं-हिरवं पीठ जमलं होतं. नारळाचं पाणी आणि आमची खारी हवा. "करंट गेलो काय तो परत येवक व्हयो," पास्कू म्हणाला. "परतीची वाट तुमी सडवलात. साध्या गाडीक चलला असता. ह्या खोक्याची भूक दांडगी, तेका नाय चलाचा." पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून त्याने पट्टी परत बसवली. गाडी लागली.

नंदू दात काढून हसला. "बघ! माझो खोको नाय, तुझो नारळ!"

नारळ माझाच होता.

पुढच्या शुक्रवारी परत "खट्". शेजारची रिक्षा शाळेची मुलं घेऊन गेलेली. पास्कू सावंतवाडीला लेकीकडे, तो शनिवारी उगवला. माझा वार बुडाला. शनिवारी त्याने गाडी ढकलत आपल्या शेडमध्ये नेली आणि दिवसभर उघडून ठेवली. मीही तिथे गेले, स्टुलावर बसून बघत राहिले. माझा जीव ज्याच्यावर आहे ते बिघडलंय कुठे, हे मला बघायचं होतं.

गाडी बंद, चावी पास्कूच्या खिशात, तरी त्याच्या मीटरवर करंट जाताना दिसत होता. तो एकेक फ्यूज काढत गेला आणि मीटर बघत गेला. दिव्यांचा काढला, काही नाही. हॉर्नचा, काही नाही. अँपचा काढला आणि काटा झोपला.

"हो झोपनाच नाय, काकी. रातभर जागो! तेका उठवची बारीक वायर टेपाक लावक व्हयी, म्हणजे टेप बंद तर हो बंद. म्हापशेवाल्यान थेट बॅटरीर मारल्यान."

ती वायर त्याने नीट केली. आणखी एक खोड होती — गाडी रेस केली की स्पीकरमधून डासासारखी "ऊंऽऽ" यायची. पास्कू म्हणाला, करंटची जाड वायर आणि गाण्याची बारीक वायर एकाच बाजूने, एकमेकींना चिकटून नेलीय, तिचं हिच्यात शिरतं. दोघींना दोन बाजूंनी नेलं. डास गेला. त्याने टेप लावून आवाज पुरा वाढवला, गाणं न लावता. काही म्हणजे काही नाही. स्वच्छ.

"बघा," तो म्हणाला, "आता हेच्यात्सून गाणा सोडून कायएक येवचा नाय."

रविवारी सकाळी मी पडवीत बसले होते. आडवं पडवत नव्हतं म्हणून बसले होते. सव्वासहा झाले असतील, फटफटत होतं, समोर वैशालीने घातलेला सडा दिसत होता. गाडी खळ्यात, काचा वर. चावी माझ्या डोक्यावर खुंटीला.

डिकीतून खाकरण्याचा आवाज आला.

एक लहान. एक मोठा. मग तिसरा, लांब. आणि थुंकल्याचा.

मला भीती वाटली नाही. मला शिसारी आली. अकरा वर्षांनी तोंडात तेच पाणी सुटलं जे रोज सकाळी सहाला सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं ते. गाडीशी जाऊन बघितलं. आत कोणी नाही. दार कोरडं, स्वच्छ. तंबाखूचा वास मात्र होता, चुना चोळलेल्या तंबाखूचा. आमच्या घरात कोणी खात नाही.

मी घरात कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? तुझा बाप डिकीत खाकरतो?

रविवारी मशीन बंद असतं. सोमवारी मी नंदूला म्हटलं, "आज ओरोसाक जावया. माका दम लागता."

"आज कुडाळसून पुण्याचे टुरिस्ट येतले गो. कधीचा बुकिंग. उद्या तुझो वार आसाच." आणि गेला. बापाचा मुलगा. संध्याकाळी आला तो तोंड पाडून.

"काय झाला?"

"काय नाय. ती टुरिस्ट बाई विचारी होती, दादा, तुमच्या स्पीकरमध्ये कोण सारखं खाकरतंय? पोरांका ओकारी येता म्हणाली. टेप बंद केलंय तरी येय होतो आवाज." मग स्वतःच म्हणाला, "बोटीवाल्यांचो वायरलेस गावत आसतलो."

"बोटीवाले एकमेकांक खाकरून दाखयतत?"

तो जेवायला बसला. नंदूला बापाचं खाकरणं ओळखू आलं नाही असं मी मानत नाही. तो तेवीस वर्षांचा होता बाप मेला तेव्हा.

मंगळवार. मशीनला लागून आठवडा झालेला. पाय मुसळासारखे, बोट दाबलं की खड्डा पडून राहत होता. रात्र खुर्चीत बसून काढलेली. बोलायचं तर चार शब्दांना एक श्वास. म्हणून सहालाच नंदूने सेल्फ मारला.

खट्.

त्याने पास्कूला फोन केला. वैशालीने ॲम्ब्युलन्सला केला, निघतो म्हणाले, पण यायला तास तरी लागणार होता. पास्कू वीस मिनिटांत आला, मोटारसायकलवर मागे नवी बॅटरी बांधून. जुनी काढली, नवी घातली. खट्. अर्थची पट्टी तपासली, चकचकीत. मीटर लावला, बॅटरी भरलेली. शिव्या देत त्याने अँपची जाड वायर बॅटरीवरून सोडवून बाजूला केली, फ्यूज काढून खिशात टाकला. "आता तो खोको म्हणजे नुसता लाकूड. मार रे!"

खट्.

आणि त्या नुसत्या लाकडातून खाकरण्याचा आवाज आला.

एक लहान... एक मोठा... पास्कूने हातातला पाना खाली ठेवला. वैशाली दारात होती, तिने पदर तोंडावर धरला. तिसरा लांब. थुंकल्याचा. नंतर शांत. वाट बघितल्यासारखं शांत.

"काकी," पास्कू खिशातला फ्यूज काढून बघत म्हणाला, "ह्या माज्या हातात आसा. वायर भायर आसा. आवाज खंयसून येता?"

नंदू स्टीअरिंगवर हात ठेवून पुढे बघत बसला होता. माझ्याकडे बघेना.

मला कळलं काय हवंय ते. पहिल्या दिवसापासूनच कळलं होतं, पण मी ते मनात येऊ दिलं नव्हतं. मी म्हणजे मेले तरी धुणार नाही, असं ठरवून बसले होते. पण मरणं कसं असतं ते त्या सकाळी जवळून दिसत होतं. पाणी छातीपर्यंत आलेलं. बुडणाऱ्या माणसासारखं, पण बाहेरून कोरडं. माणूस अशा वेळी मानापमान बघत नाही, हे मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं. आता माहीत आहे आणि आवडलेलं नाही.

"वैशाली," मी म्हटलं, "तांब्यो आण. पाण्याचो."

"पिवचा नाय हां आई, डॉक्टरांनी..."

"पिवक नको. आण."

भिंत धरून, मग वैशालीचा खांदा धरून मी ड्रायव्हरच्या बाजूला गेले. दार स्वच्छ होतं. डाग नव्हता, थेंब नव्हता. मी त्या स्वच्छ दारावर पाणी ओतलं आणि हाताने पुसलं. पाणी आधी पसरलं, मग गेलं. हाताला मात्र लागलं. कोमट. तार धरणारं. डोळ्यांना दिसत नव्हतं, हाताला लागत होतं.

"धुतलंय," मी म्हटलं. "आता जा, मेल्या." हेच म्हणायचे मी रोज, ट्रकच्या आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये असं.

नंदूने सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात लागली.

पास्कू म्हणाला, कधीकधी सेल्फचा रिले, म्हणजे आतला स्विच, अडकतो, धक्का बसला की सुटतो. म्हणाला खरा, पण म्हणताना माझ्या हाताकडे बघत होता. मी तो हात ओरोसपर्यंत खिडकीबाहेर धरून ठेवला. मशीनला लावताना सिस्टरने विचारलं, आजी, हाताला काय लागलंय, सारखा चादरीला पुसताय? मी म्हटलं, काही नाही. चार तासांत साडेचार किलो पाणी निघालं.

दुपारी परत आलो. खळ्यात उतरल्या उतरल्या मी नंदूला सांगितलं — खोका बाहेर काढ आणि उघड.

"आये, तो सील केलेलो असता. उघडलो तर आवाज बिघडता."

"उघड."

पास्कूला परत बोलावलं. त्याने खोका डिकीतून काढून माडाच्या सावलीत ठेवला. उचलतानाच म्हणाला, "जड कसो काय?" स्पीकर आठ स्क्रूंनी बसवलेला, कडेने डिंक. वरचं कापड कोरडं, लाकूड कोरडं, कुठे भोक नाही, चीर नाही. पास्कूने आठही स्क्रू काढले, कडेने पटाशी घातली आणि स्पीकर उचलला.

आधी वास आला. पास्कू मागे सरकला आणि त्याने बोटांनी छातीवर क्रूस काढला.

आतला सगळा कापूस तपकिरी, भिजलेला. स्पीकरच्या पाठीवर थुंकीच्या तारा लोंबत होत्या. तळाला तांब्याभर तरी साचलेलं होतं, त्यात तंबाखूच्या पत्तीचे चुरे. आणि त्याच्याखाली, अगदी तळाला, राखाडी गाळ. पास्कूने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ढवळून वर काढला.

"ही राख खंयसून इली?" तो म्हणाला. "हेच्यात जळाक कायएक नाय. वायर जळाक नाय, कापूस जळाक नाय..."

राखेचं मी त्याला काही सांगितलं नाही. डब्यात राख घालायचे ते घरात मला आणि नंदूला माहीत. नंदूने माझ्याकडे बघितलं. मग माडाच्या मुळातल्या चिऱ्याकडे बघितलं. चिरा होता तिथेच होता, वर शेवाळ धरलेलं.

"आये..." नंदू म्हणाला, "ह्या..."

"साफ कर," मी म्हटलं.

"मी?"

"मगे कोण? मी एकतीस अधिक दोन वर्षां केलंय. बापूस तुझो."

तो दोनदा माडाकडे जाऊन ओकला आणि परत आला. नाकाला फडकं बांधून सगळं उपसलं, कचऱ्याच्या खड्ड्यात घातलं, वर माती लोटली. खोका त्याने त्याच दिवशी वाडीबाहेर नेऊन जाळला. मी पडवीत बसून बघत होते. मला त्याची दया आली नाही. मला वाटलं, बघ. बघ एकदा, कसं असतं.

पास्कूने नंतर मला समजावलं. आतलं ओलं स्पीकरच्या टर्मिनलवर चढलं की शॉर्ट होतो, बॅटरी उतरते, खरखर येते, ती खाकरल्यासारखी लागू शकते. बरं. ते मी मानते. वायर सुटलेली असताना कशी आली, ते त्याला सांगता येत नाही. बंद खोक्यात ते ओलं कुठून आलं, ते त्याला सांगता येत नाही. "काकी, मी वायरमन," म्हणतो, "माका करंटाचा विचारा." वैशाली म्हणते चिऱ्याखाली खणून बघू, डबा आहे का. मी म्हटलं, ज्याला बघायचंय त्याने खणावं. अजून कोणी फावडं हातात घेतलेलं नाही.

खोका गेल्यापासून बॅटरी उतरलेली नाही, दिवे मिणमिणत नाहीत, उशी परत सीटवर आली. इथेच संपवणार होते. पण गेल्या शुक्रवारचं लिहिलं नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

शुक्रवारी सकाळी मी मागे बसले. नंदू पुढे बसला. त्याने काच खाली केली आणि खाकरला. सर्दी असेल म्हटलं. परत खाकरला, मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, लांब, आतडं वर येईल असा. आणि दाराबाहेर थुंकला. नंदूने जन्मात तंबाखू तोंडात धरलेली नाही, खिडकीतून थुंकणाऱ्या टुरिस्टांना तो शिव्या देतो. थुंकून झाल्यावर त्याने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले आणि पुढे बघत बसला.

"काय बघतस?" मी म्हटलं.

"काय नाय."

"मगे मार सेल्फ."

"मारतंय..." म्हणाला, पण हात हलेना. मान हलेना. आरशात त्याचे डोळे दिसत होते. घाबरलेले होते, म्हणजे आत नंदूच होता.

वैशाली दारात तांब्या घेऊन उभी राहिलेली मला दिसली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. तिची ती आली होती, एक पाय पायरीवर ठेवून.

"वैशाली, थंयच रव!" मी ओरडले. इतक्या जोरात की शेजारची कोंबडी उडाली. "तांब्यो ठेव खाली. घरात जा. आणि तू रे — उतर."

"माका..."

"उतर म्हणतंय! खाली उतर आणि तुझा तू धू!"

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्याचा एक हात सुटला, दार उघडलं, तो उतरला. तांब्या उचलला, दार धुतलं, खाली वाकून गाडीची पायरीसुद्धा धुतली. हात पँटीला पुसत परत बसला. गाडी पहिल्या झटक्यात लागली.

हे काय आहे, कशाने होतं, परत होणार का, मला माहीत नाही. ज्यांना कारण सापडेल त्यांनी जरूर लिहावं, पण प्रेमाचं लिहू नये. खळ्यात आता ड्रायव्हरच्या बाजूला एक बालदी आणि फडकं कायमचं ठेवलंय. वैशालीला त्याला हात लावू देत नाही. मी दुसऱ्या बाजूने चढते.